बाबांचे पांढरे बूट
परवा लेकीच्या खरचटलेल्या गुडघ्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं, पांढरा फेस आला, आणि मला गोव्यातल्या साखळी गावातलं आमचं अंगण आठवलं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. बाबा खाणीवर ट्रक चालवत. बोटीवर नोकरी करणाऱ्या दादाने त्यांना जाड रबरी तळाचे पांढरे बूट पाठवले होते, ते त्यांनी प्लास्टिकात गच्च बांधून कपाटात ठेवले. दोन वर्षांनी दादा येणार म्हणून सोडले, तर तळ हळदीसारखे पिवळे! बाबांचा चेहराच उतरला. शेजारच्या नर्सबाई हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली माझ्या हातात देत म्हणाल्या, "कोंडून ठेवल्यार रबर पिवळं जातं. हे लाव आणि वतात, उन्हात ठेव." मी ते औषध ब्रशने तळांना लावलं, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि दिवसभर बूट उन्हाप्रमाणे सरकवत राहिले. संध्याकाळपर्यंत पिवळेपणा बराच गेला. दुसऱ्या दिवशी दादाने आल्याबरोबर बूट उलटे करून पाहिले. तळाला मातीचा कणही नव्हता. "बाबा, एकदाय घालूक नाय?" "तांबड्या मातयेत खराब जातले म्हणान जपलंय रे." "जपूक नाय, घालूक धाडलंय," म्हणत दादाने खाली बसून स्वतःच ते त्यांच्या पायात चढवले. बाबा बिचकत बाहेर पडले आणि खाणीच्या रस्त्याने बसस्टॉपपर्यंत जाऊन आले. बूट तांबडेलाल झाले होते आणि बाबा हसत होते. पुढे तळ फुटेपर्यंत त्यांनी ते घातले, आणि त्यानंतर कुठलीच वस्तू न वापरता कपाटात ठेवली नाही. बाबांची जपून ठेवलेली एकही वस्तू आज माझ्याकडे नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.