चादरीच्या कडेची बोटं

"गो, चादर वर धर. डोकं दिसतंय तुझं."

शेठाणी माझ्या आईला म्हणाली. पेणच्या खाडीकडं, आई-बाप राबायचे त्या मिठागराच्या मालकांचं घर. अंगणात आख्खं कुटुंब खुर्च्यांवर बसलेलं. मागच्या भिंतीला पोपडे, म्हणून फोटोला पांढरी चादर. एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या. मी उपड्या घमेल्यावर. दोघी चादरीमागं.

"व्हय बाय," आई म्हणाली. चादर वर गेली.

खटकन आवाज आला. मला वाटलं, आता आपली पाळी. थुंकी लावून केस बसवले आणि खुर्च्यांपुढं ताठ उभी राहिले. सात वर्षांची हिरॉईन!

"तुमचा कशाला गो फोटो?" शेठाणी म्हणाली. सगळे हसले. आईसुद्धा हसली. मालकांपुढं हसावंच लागतं, हे तेव्हा कुठं ठाऊक? मी दोन दिवस आईशी बोलले नाय.

पुढं बांध फुटला. खाडी घरात आली, आम्ही रोह्याला आलो. बाप धाटावला कंपनीत लागला. मी मोठी झाले आणि फोटो स्टुडिओ काढला. फोटोतले लोकांचे मुरूम पुसते, टकलावर केस लावते. गावभर गोरेपण वाटलं, स्वतःच्या तोंडाला काय जमलं नाय. आईवर कॅमेरा धरला की ती पदर तोंडावर ओढायची. "आमचा कशाला गो फोटो?" अगदी त्याच सुरात. मरेपर्यंत.

गेली तेव्हा हार घालायला फोटो नव्हता. फोटोवालीची आई! पाटावर तिचं लुगडं घडी करून ठेवलं. अजून दुकानात पडदा ओढते तेव्हा मागं कुणीतरी उभं असतं. हात वर करून.

गेल्या महिन्यात शेठांचा नातू आला. हातात अंगणातला तोच फोटो. भिंतीवर लावायला मोठा करायचा होता.

"ताई, कडेला कुणाची तरी बोटं आलीत. तेवढी काढून टाका."

स्क्रीनवर मोठं केलं. उजवीकडं माझी बोटं, चिमणीच्या पायाएवढी. डावीकडं चार बोटं. मिठानं चिरलेली, करंगळी वाकडी. आई. आख्ख्या जगात तिचा एवढाच फोटो.

माझा हात सवयीनं माउसवर गेला होता. एक क्लिक, बस. किती जणांना पुसलं असेल मी असं?

"नाय काढणार."

"अहो, कोण आहे ती?"

"माझी आई."

तो कसनुसा हसला. "पण फोटो आमच्या घरचा आहे ना."

"बोटं आमच्या घरची हायत."

फोटो घेऊन गेला. कुठंतरी पुसून घेईल. पण स्कॅन माझ्याकडं राहिला. त्याला विचारलं नाय, विचारणारही नाय.

दुकानाच्या काचेत नवरा-नवरीचा फोटो असायचा. तिथं आता ती चार बोटं आहेत, दाराएवढी. हार घातलेला नाय. खाली आईचं पूर्ण नाव, गावासकट. लोक विचारतात, हे काय गो? मी सांगते. चादर कुणी धरली, कुणासाठी धरली, शेठाणी काय म्हणाली. शेठांच्या घरचं कुणी दुकानात असलं, तर जरा मोठ्यानं सांगते.