टाळ्या वाजवून खोली बघणारे काका

लातूरच्या एका हाय-फायवाल्या काकांनी मला स्पीकर विकायला साफ नकार दिला, तिथून आमची ओळख सुरू झाली. मी नांदेडला शाळेत गणित शिकवते. वर्गात पोरं माझ्यापुढे चकार शब्द काढत नाहीत, आणि हा दुकानदार मला चार गिऱ्हाइकांसमोर नापास करून मोकळा झाला.

काकांनी तबल्याची एकच रेकॉर्ड आधी एका जोडीवर लावली, मग दुसऱ्या जोडीवर. "कोणती बरी?" मी ठसक्यात दुसरीकडे बोट दाखवलं.

"दोन्ही सारख्याच हायत, बाई," काका म्हणाले. "दुसऱ्या वक्ताला आवाज जरा वाढवला होता मी. मोठा वाजला की लोकांना चांगलाच वाटतो. आधी कान तयार होऊ द्या, घाई काय हाय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरीकडून घेऊनच दाखवते, असं ठरवून एसटीत बसले. अहमदपूर येईपर्यंत राग उतरला आणि लाज वाटायला लागली. यांच्याकडून पास होऊनच स्पीकर घ्यायचे, हे मी त्या एसटीत ठरवलं.

मग सुट्टी लागली की लातूर. काही घ्यायचं नसलं तरी काका बसवून घेत, चहा मागवत, डोळे मिटायला लावत. गाणारा श्वास कुठे घेतो, तंबोरा कुठल्या बाजूला ठेवलाय, हे मी त्यांच्या बाकावर शिकले. वर्षभराने ते स्वतः नांदेडला आले आणि माझ्या बैठकीच्या चारी कोपऱ्यांत टाळ्या वाजवत, आवाज कुठे घुमतो ते ऐकत फिरले. काय चाललंय म्हणून शेजारीण डोकावून गेली. त्यांनी शोकेस हलवायला लावलं, भिंतीला जुनी गादी उभी केली, आणि मग कुठे एक लहानशी जोडी दिली. पास मात्र म्हणाले नाहीत.

त्याला पंधरा वर्षं झाली. मधे ॲम्प्लिफायर बदलला, रेकॉर्ड प्लेअरची सुई तीनदा बदलली, दुकान नाही बदललं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत काकांचा फोन आला. उदगीरच्या एका डॉक्टरांकडे सेट बसवायचा होता. मला वाटलं, सोबत हवी असेल. डॉक्टरांच्या हॉलमध्ये काकांनी टाळ्या वाजवल्या, स्पीकर मांडले, भजनाची रेकॉर्ड लावली आणि मला बाजूला घेतलं.

"झांज नीट यायलीय का?"

"टोचतेय जरा. डावीकडून."

"मला ऐकूच येत न्हाई. दोन वर्षं झाली, वरचे सूर गेले. कोणाला बोललो न्हाई."

ज्या कानावर या माणसाने जन्मभर दुकान चालवलं, तो कान गेला होता, आणि हे त्यांनी सांगितलं ते मला. मग वर्गातल्या बाईसारखीच उभी राहिले आणि सांगायला लागले. काका गुडघ्यावर बसून डावा स्पीकर बोट-बोट सरकवत राहिले. झांज जागेवर आली तेव्हा मी हात वर केला.

"झालं का?" डॉक्टरांनी काकांना विचारलं.

"बाईंना विचारा," काका गुडघे झटकत उठले. "त्या पास म्हणाल्या की पास."