उभ्या गाडीची थरथर

सुट्टी संपत आली की माझ्या नवऱ्याला घर आवरायचा झटका येतो. ते फौजेत सुभेदार आहेत. निघायच्या आधीचे दोन दिवस ते नळांचे वायसर बदलतात, गॅसची नळी तपासतात, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालतात आणि शेवटी गाडीचं बॉनेट उघडतात. पुढचे आठ-दहा महिने ही बाई कशाकशाला अडेल, याची यादी जणू चौकीवरूनच करून आणलेली असते. मी चहाचा कप घेऊन मागे उभी राहते आणि ‘असू द्या हो आता’ म्हणते. तेवढंच माझं काम.

गेल्या हिवाळ्यात असंच सगळं घट्ट करून ते सीमेवर परत गेले आणि चौथ्या दिवशी गाडीत नारिंगी दिवा लागला. स्टीअरिंगच्या मागे, इंजिनाच्या चित्राचा.

मुलगी त्याच वर्षी पुण्याला कॉलेजात गेलेली, नवरा वर सीमेवर, आणि इथे परप्रांतात, विद्याधर नगरातल्या दोन खोल्यांत मी एकटी. साताऱ्याहून सासऱ्यांचा फोन दर आठवड्याला यायचा, की एकटीनं तिकडं काय करायचंय, गावी ये. मी चौमूं गावाच्या अलीकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळा मुख्य रस्त्यापासून बरीच आत आहे, तिथे बस जात नाही. गाडी बसली की नोकरी गेली आणि नोकरी गेली की सातारा. सातारा वाईट नाही. पण तिथे मी धाकटी सून असते आणि इथे मॅडमजी असते, हा फरक मला या वयात सोडवत नाही.

मग नवऱ्याला सांगायचं, असं कुणीही म्हणेल. तेच तर करायचं नसतं. लग्नानंतरच्या पहिल्याच पोस्टिंगला शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनींनी मला बजावून ठेवलं होतं, की सीमेवर गेलेल्या माणसाला घरातली अडचण कळवायची नाही. तो तिथून काही करू शकत नाही, नुसता झुरतो. वीस वर्षं मी ते पाळत आलेय. मुलीला डेंग्यू झाला तेव्हाही ती बरी होऊन शाळेत जायला लागल्यावर सांगितलं. रविवारी नेटवर्क असलं की फोन येतो, तीन-चार मिनिटांचा. गाडी ठीक? ठीक. तब्येत? ठीक.

पहिल्या गॅरेजवाल्याने स्टीअरिंगखाली एक यंत्र जोडलं, त्याच्या पडद्याकडे बघितलं आणि सांगितलं की मिश्रण लीन झालंय, म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. इतकं मलाही कळतं, सातवीला मी ज्वलनच शिकवते. हवा जास्त का जातेय, हे मात्र त्याने शोधलं नाही. एक सेन्सर बदलला, दिवा पुसून टाकला आणि मला हसत निरोप दिला. तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर. दुसऱ्याने गाडीला हात न लावताच पेट्रोलचा पंप गेलाय असं ठोकून दिलं. मी त्याला म्हटलं, भैया, आधी बॉनेट तरी उघडा. त्याला राग आला. मला तर आलेलाच होता.

घरी येऊन मी प्रयोगवहीसारखी एक वही केली. कधी थरथरते, कधी नाही. थंड इंजिन, गरम इंजिन, चढ, सिग्नल. आठवडाभराने वही सरळ सांगत होती की गाडी फक्त उभी असताना थरथरते. सिग्नलला पायाखालची जमीन कापावी तशी कापायची आणि सीकर रोडवर वेग घेतला की गुमान चालायची. ती वही कुणाला दाखवावी असं फार वाटायचं. वर्गात दाखवून काय उपयोग, आणि घरात कोण होतं? एकदा घरमालकिणीला दाखवली. भाभीजींनी कौतुकाने अक्षर सुंदर आहे म्हणून सांगितलं.

शेवटी शाळेच्या शिपायाने चौमूंकडच्या एका उस्तादांचं नाव सुचवलं. साठी उलटलेला माणूस, जास्त करून जुन्या जीपगाड्यांवर काम करणारा. त्यांनी यंत्र जोडायच्या आधी विचारलं, खड़ी में काँपती है या चलती में? मला इतका आनंद झाला की मी वहीच पुढे केली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

मग त्यांनी मला ॲक्सिलरेटर हळूहळू दाबायला लावला आणि स्वतः यंत्रावरचा आकडा बघत राहिले. गाडीतला संगणक किती जास्तीचं पेट्रोल ओततोय, तो आकडा. गाडी उभी असताना तो चढलेला होता, इंजिन फिरवलं की उतरायचा. पंप कमजोर असता तर जोर लावल्यावर उलट वाढला असता, असं त्यांनी समजावलं. म्हणजे पेट्रोल पुरतंय. हवाच कुठून तरी चोरवाटेने आत येतेय, मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून. इंजिन मंद चालताना ती थोडीशी हवाही भारी पडते, वेगात तिचं काही चालत नाही. माझ्या वहीतली प्रत्येक ओळ त्यात बसत होती.

त्यांनी एकेका सांध्यावर स्प्रे मारायला सुरुवात केली; गळती असेल तिथून तो आत ओढला जातो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. एअर फिल्टरच्या डब्यामागे एका बोटभर जाडीच्या नळीजवळ फवारा गेला आणि इंजिनाचा आवाज बदलला. उस्तादांनी दोन बोटांनी नळी ओढली. ती अलगद हातात आली. डबा उघडताना ती काढावी लागते आणि कुणीतरी ती परत नुसती टेकवून ठेवली होती. क्लिप तुटून खाली अडकली होती.

“ये किसने खोला था?” त्यांनी विचारलं.

त्या शेवटच्या दुपारी फिल्टर काढून तो ब्रशने झटकणारे, शर्टाच्या बाह्या वर केलेले माझे यजमान मला दिसले. परत बसवताना मी त्यांना जेवायला हाक मारली होती.

“मैंने,” मी म्हणाले.

यापुढे हात लावू नका मॅडमजी, म्हणून त्यांनी मला चांगलंच झापलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नवीन क्लिप लागली, थरथर थांबली, दिवा गेला. त्या दिवशी गाडी चालवत घरी येताना मी मोठ्याने गाणं म्हटलं आणि घरात शिरल्यावर हे सांगायला कुणी नाही म्हणून रडले.

यंदा नवरात्रात ते सुट्टीवर आले. परत जायच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडलं. मी चहा घेऊन शेजारी उभी. ‘ती नळी नीट बसवा’ हे शब्द ओठांवर आले होते, पण मी तसं बोलले असते तर मागचं सगळंच बाहेर पडलं असतं. मी चहाचा कप पुढे केला. ते मध्येच कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन आले आणि पुन्हा बराच वेळ वाकून काम करत राहिले. आज फार वेळ लागला म्हटलं, तर धूळ होती म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना स्टेशनवर सोडून आले आणि पार्किंगमध्येच बॉनेट उघडलं. नळी पक्की बसलेली होती. उस्तादांची क्लिप जागेवर होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे जुनी गंजकी क्लिप होती, तिथे तशीच एक नवी होती.

उस्तादांची क्लिप बघून त्यांनी ओळखलं होतं. आपलं काय राहून गेलं आणि ते कुणी निस्तरलं, सगळं. मी हातभर अंतरावर उभी असताना तेही काही बोलले नव्हते. मला वाईट वाटायचं खरं तर काही कारण नव्हतं, हा नियम मीच तर पाळत आले होते. पण इतकं एकटं मला दिवा लागला होता तेव्हाही वाटलं नव्हतं.

रविवारी फोन आला. गाडी ठीक? ठीक, मी म्हणाले. त्या दिवशी नेटवर्क चांगलं होतं. नेहमीची तीन-चार मिनिटं उलटून गेली तरी दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.