थंडाव्याचे कारण
शेवाळलेल्या पाण्याचा वास आला की मला अकोल्यातली एकोणीसशे साठच्या सुमाराची ती मे महिन्यातली दुपार आठवते. मी वीज कंपनीत नवा होतो. नव्या घराला जाड भिंती आणि समोरासमोर झरोके ठेवले, म्हणजे पंख्यावाचून भागेल असं बांधलं, तर मीटर आधी मिळायचा. अशी घरं तपासून तक्ता भरणं माझं काम. त्या घराच्या भिंती पातळ, वर टिनपत्रे, नियमाने नापासच. पण आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. जमिनीलगतच्या खापरी नळातून शेवाळाच्या वासाचा गार वारा येत होता. यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. "हा नळ कायले ठेवला, बाई?" मी विचारलं. घरधनीण कणीक मळत होती. "खाली जुनी इहीर हाय, साहेब. बुजवली नाई, फक्त झाकली. माही पोरगी पडली तिच्यात, सापडलीच नाई. तिले श्वास घ्याले जागा नको का?" मी अंग चोरून घेतलं. ते पाहून ती नळाकडे वळली आणि म्हणाली, "साहेबाले थंडी वाजून राह्यली. जरा थांब, माय." वारा थांबला. क्षणात पत्र्याची धग डोक्यावर उतरली. 'थंडाव्याचे कारण' या रकान्यात मी घाईघाईने 'झरोका' लिहिलं, सही केली आणि बाहेर पडलो. आता माझ्या घरी एसी आहे. तो बंद करताना मी आधी हळूच म्हणतो, "जरा थांब, माय," आणि मगच बटण दाबतो.