मिरचीच्या पिशवीतला कागद

वडवणीच्या बाजारात आई वाळलेली मिरची विकायची. गिऱ्हाइकाला वजनाचा संशय आला, की तीच त्याला शेजारणीच्या काट्यावर तोलून बघायला लावायची.

दादाला कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांचा कागद वाचला आणि दोन मिनिटांत त्याखाली तेच लिहून दिलं. मी म्हणाले, दोघांचं जुळलं, आता गोळ्या सुरू करू.

आई माझ्यावरच चिडली. "ह्यानं तोललंच न्हाई. पयल्याचं वजन लिवून दिलं."

तिसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तिनं तो कागद मिरचीच्या पिशवीत दडवला. या डॉक्टरबाई दादाशी तासभर बोलल्या, मग आईशी आणि माझ्याशी वेगवेगळं बोलल्या. आजार तोच निघाला. आईनं कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. तो उलगडताना बाईंना सटासट शिंका आल्या. दादा कितीतरी दिवसांनी हसला.

परतीच्या एसटीत त्यानं विचारलं, "काय निघालं?"

"आजार निघाला," आई म्हणाली. "तू हाय तसाच हायेस."