चार खांबांमधला बार

पहिल्या पाहुण्यांनी दाराबाहेर बूट काढले, तेव्हा मला वाटलं, नव्या फरशीचा मान राखताहेत. मग त्यांच्यामागच्या जोडप्याने चपला काढल्या. त्यांच्याही मागून एक वहिनी आल्या. त्यांच्या हातात नारळ होता.

शुक्रवारची संध्याकाळ होती. बऱ्हाणपुरातल्या नव्या कॉकटेल बारचं सॉफ्ट ओपनिंग चालू होतं. सॉफ्ट ओपनिंग म्हणजे रंगीत तालीम. खऱ्या उद्घाटनाआधी ओळखीच्या लोकांना बोलवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि काय चुकतंय ते बघून घ्यायचं. मी त्या बारची इंटिरियर डिझायनर. तोवर गावातल्याच लालबागमधली स्वयंपाकघरं आणि एक दाताचा दवाखाना एवढंच माझ्या नावावर होतं. हे पहिलं मोठं काम. माझे वडील निवृत्त शिक्षक. ते शेजाऱ्यांना सांगायचे, "मुलगी एका हॉटेलचं काम करतेय." बार हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे.

मालक नीलेश हा शाहपूरच्या केळी बागायतदाराचा मुलगा. पहिल्याच मीटिंगमध्ये तो म्हणाला होता, "ताई, इंदूरची कॉपी नको. आपलं काही पाहिजे."

आपलं म्हणजे केळी. थीम ठरली. थीम म्हणजे एक कल्पना पकडायची आणि भिंतीपासून बशीपर्यंत सगळं तिच्याभोवती बसवायचं. मी भिंती हिरव्या केल्या, पितळी दिवे लावले. मधोमध आयलंड बार, म्हणजे चारही बाजूंनी मोकळा असा चौकोनी कट्टा. बारटेंडर आत उभा राहणार, गिऱ्हाइकं भोवती बसणार. कट्ट्याच्या चार कोपऱ्यांना पानांसकट चार खरे केळीचे खांब. दारात आणखी दोन. कॉम्प्युटरवर ते चित्र पाहून नीलेश म्हणाला, "एक नंबर!" आम्ही दोघं मराठी घरातले, सत्यनारायणाचा प्रसाद खाऊन वाढलेले. तरी दोघांनाही काही दिसलं नाही. स्क्रीनवर ते ट्रॉपिकल दिसत होतं.

पाहुण्यांना मात्र दारातूनच दिसलं.

त्यात रोहितची भर. हा इंदूरहून आणलेला बारटेंडर. त्याला क्रीम रंगाचा सिल्कचा कुर्ता मीच निवडून दिला होता. चार खांबांच्या मध्ये, पितळी भांडी मांडून तो उभा. त्याने हसतमुखाने वेलकम ड्रिंक पुढे केलं. दूध, मध आणि केळं, छोट्या पितळी वाटीत. नशीब, त्यात दारू नव्हती. बूटवाल्या काकांनी वाटी उजव्या तळव्यावर रिकामी केली, प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही तेच केलं.

रोहित घाईघाईने माझ्याकडे आला. "मॅडम, ये लोग बालों में क्यों लगा रहे हैं? टेस्ट ठीक नहीं है क्या?"

मी काही बोलायच्या आत वहिनींनी विचारलं, "कथा झाली का हो? आम्हाले उशीर झाला."

त्या संध्याकाळी दारूचा एक ग्लास कुणी मागितला नाही. नीलेशचा एक मित्र, ज्याच्या पिण्याबद्दल गावात दुमत नाही, तोसुद्धा लिंबूसोडा घेऊन मांडी घालून बसला होता.

"अरे, घे ना!" नीलेश म्हणाला.

"नाही यार, इथं चांगलं नाही वाटू राहिलं. समोर खांब आहेत."

"मग?"

"मग काय, तू घे पहिले."

नीलेशनेही घेतली नाही.

सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "ताई, परवा ओपनिंग आहे. लोक असेच हात जोडून बसले तर मी बार चालवू कसा? इंदूरचा एक डिझायनर हे काम मागू राहिला, आजही त्याचा फोन होता. भिंतीत मोटरसायकल घुसवून देतो म्हणतो." मला रडूच यायचं बाकी होतं. हे काम काढून घेतलं असतं, तर गावात मला पुन्हा स्वयंपाकघरंसुद्धा मिळाली नसती.

शनिवारी मी प्रयोग सुरू केले. आधी दिवे निळे केले. तर गणपतीचा मांडव झाला. मग कट्ट्याचे खांब काढून फक्त दारातले ठेवले. लग्नाचा हॉल झाला. सगळेच काढले, तर हिरव्या भिंती आणि रिकामा कट्टा, म्हणजे थेट सरकारी दवाखान्याचा काउंटर. हताश होऊन मी खांब पुन्हा जागेवर उभे करवले. तेवढ्यात नीलेशचे वडील आले. अण्णा.

मुलगा बार काढतोय म्हणून अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या दारात पाऊल ठेवणार नाही, असं ते सगळ्यांना सांगून चुकले होते. आज मात्र चपला काढून आत आले, खांबांवरून हात फिरवला.

"बरोबर लागले. मी सोता निवडून तोडले. पूजा किती वाजता आहे उद्या?"

मी नीलेशकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. त्याने घरी एवढंच सांगितलं होतं, की दुकानासाठी खांब पाहिजेत.

अण्णा मला म्हणाले, "बाई, मी तर समजत होतो, पोरगं हातातून गेलं. पण त्याने खांब मागितले. म्हटलं, चला, आधी सत्यनारायण घालू राहिला. शाहपूरमध्ये सगळ्यांना सांगून आलो."

नीलेशने तोंड उघडलं. तो खरं सांगून मोकळा होईल या भीतीने मी आधीच बोलले, "दहा वाजता, अण्णा."

अण्णा गेल्यावर नीलेश ओरडला, "ताई, ओपनिंगच्या दिवशी पूजा?"

"दुसरं काय करणार? तयारी तर सगळी झालीच आहे," मी म्हटलं.

रविवारी सकाळी बाटल्यांच्या फळ्यांवर पडदा सोडला. नीलेश सोवळं नेसून पूजेला बसला. अख्खं शाहपूर लोटलं, निम्मं लालबाग आलं. गुरुजींनी कट्टा नीट पाहिला आणि म्हणाले, "फार सोयीचं केलंय. चारही बाजूंनी प्रसाद देता येतो." माझ्या डिझाइनचं हे पहिलं कौतुक. माझे वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शेजाऱ्यांना भिंती दाखवत होते, "हे सगळं आमच्या मुलीने केलंय." मला इतकं बरं वाटलं, की मी शिरा दोनदा घेतला.

दुपारी पूजा उठली. अण्णांनी खांब स्वतः गाडीत घातले आणि तापीकडे निघाले. जाताना पिकत आलेले केळीचे चार घड ठेवून गेले. "आता तुमचं काय असेल ते करा," म्हणाले. खांबांच्या जागी मी ते घड टांगले. आता बार केळीवाल्याच्या दुकानासारखा दिसत होता आणि केळीवाल्याकडे बसून प्यायला कुणाची हरकत नव्हती.

संध्याकाळी सकाळचेच निम्मे लोक परत आले. रोहितला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. लिंबूसोडावाल्या मित्राने शुक्रवारची कसर भरून काढली. पण सगळ्यांनी चपला मात्र बाहेरच काढल्या. सकाळी इथे पूजा झाली होती, आता पायात चपला घालून आत कसं जायचं? पुढच्या आठवड्यातही तेच. शेवटी मी दारात सागवानी रॅक बसवला. खांब काही पुन्हा आले नाहीत.

तेव्हापासून कुठलंही डिझाइन मी आधी क्लायंटच्या आईवडिलांना दाखवते. ते हात जोडतात का, तेवढंच बघते.

मध्यंतरी तो इंदूरवाला डिझायनर बार पाहायला आला. अनवाणी फिरून त्याने रॅकचे फोटो काढले. "मॅडम, ये जूते बाहर वाला कॉन्सेप्ट कमाल है. कैसे सूझा?"

"बहुत रिसर्च करनी पड़ी," मी म्हटलं.