आईचं गाणं आपल्या देशात उपलब्ध नाही

गेल्या मार्चमध्ये मी सहा दिवस इंग्लंडमध्ये होतो आणि त्या सहा दिवसांत नवी मुंबईत, सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटपासून फार तर न्हावा शेवा बंदरापर्यंत गेलो.

निमित्त आईचं. रविवारी तिला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. तिच्या तरुणपणी कुणीतरी साताऱ्याच्या तिच्या गायनवर्गातल्या मुलींना पुण्याला नेऊन गाण्याची एक तबकडी काढली होती आणि त्यात आई गायली होती, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. ऐकलं मात्र कुणीच नव्हतं. घरातली एकुलती एक तबकडी काकांनी एकदा स्वच्छ धुऊन गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातली. संध्याकाळपर्यंत पापड कडक झाले आणि तबकडीची परात झाली!

मंगळवारी माझी मुलगी रेवा (कॉलेजात असते, म्हणजे सोफ्यावर असते) ओरडली, "बाबा, आजीचं गाणं सापडलं!"

गाणी विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात कुणीतरी जुन्या मराठी तबकड्या चढवल्या होत्या. वर्गाचं नाव तेच, गाव तेच. मी घाईघाईने 'विकत घ्या' दाबलं. पडद्यावर उमटलं : क्षमस्व, हे गाणं आपल्या देशात उपलब्ध नाही.

"मग कुठल्या देशात आहे?"

"ब्रिटनमध्ये."

मुली साताऱ्याच्या, गाणं मराठी, आणि ऐकणार कोण, तर इंग्रज! माझं डोकंच फिरलं. मी न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरन्सचं काम करतो. जगभरातून आलेले चाळीस-चाळीस फुटी कंटेनर मी सोडवून आणतो, आणि साडेतीन मिनिटांचं गाणं अडतं म्हणजे काय? "आजीला यातलं काही कळता कामा नये," मी रेवाला बजावलं. "रविवारी सरप्राइज!"

त्या दिवसापासून माझी झोप गेली, जेवण गेलं. घरभर नुसत्या येरझाऱ्या. आई दोनदा ओव्याचं पाणी घेऊन आली. "पोट बिघडलंय का रे?"

बुधवारी मी दुकानातल्या माझ्या खात्यात 'देश' या रकान्यात ब्रिटन टाकलं. पत्ता माझा मामेभाऊ नितीन याचा दिला. तो लेस्टरला राहतो. झालं! मी लेस्टरवासी झालो. गाणं समोर आलं, किंमत पौंडांत आली. मी कार्डाचा नंबर टाकला आणि दुसऱ्या मिनिटाला बँकेचा फोन.

"सर, आपण सध्या ब्रिटनमध्ये आहात का?"

"नाही हो, सीवूड्सला आहे."

"मग ब्रिटनमधून खरेदी कोण करतंय?"

"मीच!"

पलीकडून अत्यंत प्रेमळ आवाजात : "काळजी करू नका सर, आम्ही कार्ड बंद केलंय."

तेवढ्यात आतून माझी बायको माधुरी आली. तिच्या हातात फोन होता. गाणी, मालिका, अ‍ॅप्स, सगळ्याला आमच्या घराचं खातं एकच असल्यामुळे माझ्यामागोमाग तिचंही स्थलांतर झालं होतं.

"माझी मालिका 'आपल्या देशात उपलब्ध नाही' म्हणतेय. मी कुठल्या देशात आहे?"

"लेस्टरला," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"बरं. मग आज कुकर कोण लावणार ते बघा!" आणि ती बेडरूममध्ये गेली.

मी ताबडतोब भारतात परतायचा प्रयत्न केला. दुकान म्हणालं, देश इतक्या लवकर बदलता येत नाही, सोमवारपर्यंत थांबा. दुधाचं अ‍ॅप गेलं, विजेच्या बिलाचं गेलं. शेजारचे मढवी काका (मूळ करावे गावचे, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी) दारात उभे राहून सगळं ऐकत होते.

"गानं इकत घ्याला पासपोर्ट लागतो काय रं?"

"तसंच झालंय काका."

"आमचे हलदीला कवरी गानी वाजतान, कोनी इचारत नाय! येक काम कर. स्पीकर माजा ने. गानं तू आन."

शेवटी मी नितीनला शरण गेलो. तो तिथलाच रहिवासी, त्याने दोन मिनिटांत गाणं घेतलं आणि फाइल मला पाठवली. फाइल उघडली. म्हणाली, हे गाणं फक्त खरेदीदाराच्याच खात्यावर वाजेल. मी फोन सोफ्यावर आपटला. (सोफ्यावर रेवा होती.)

रविवारी दुपारी चार वाजता घरात तीस माणसं जमली. मध्यभागी नवं इरकल नेसलेली आई, कोपऱ्यात मढवी काकांचा कपाटाएवढा स्पीकर. योजना साधी होती. नितीन त्याच्या लॅपटॉपवर गाणं लावणार, आम्ही व्हिडिओ कॉलवर ऐकणार. कॉल लागला. नितीनने मान डोलावत 'सुरू झालं' अशी खूण केली. आवाज शून्य! नितीन तल्लीन होऊन ताल धरतोय आणि आम्ही तीस जण त्याचं तोंड बघतोय. मध्येच तो खोकला. तो खोकला मात्र स्पीकरमधून इतका खणखणीत आला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"बाबा, कॉलवर माणसाचा आवाज ठेवतात आणि बाकीचा गोंगाट गाळतात," रेवा म्हणाली. "गाणं गोंगाटात गेलं."

माझा तोल सुटला. "नितीन! साधा फोन कर! जुन्या पद्धतीने! आत्ताच्या आत्ता!"

साधा फोन आला. मी तो स्पीकरच्या माइकसमोर धरला. खरखर झाली, पेटी वाजली, आणि बाईचा आवाज उमटला. बारीक, थोडा कापरा, पण गोड. सहा दिवसांची धावपळ, बंद पडलेलं कार्ड, बाहेरची खिचडी, सगळं सार्थकी लागलं. गाणं संपल्यावर मी माइक हातात घेतला.

"पहिला स्वर ऐकला आणि ओळखला," मी हुंदका आवरत म्हणालो. "लहानपणी याच आवाजाने मला झोपवलंय. हजार आवाजांत असता, तरी मी माझ्या आईचा आवाज ओळखला असता!" पुढचं बोलता येईना. मी चक्क रडलो. दोन मावश्याही रडल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आईने मला जवळ बोलावलं, पदराने माझे डोळे पुसले आणि कानाशी लागली. "अरे, ती कुसुम."

"कोण कुसुम?"

"आमच्या वर्गातली. ती गातेय. मी मागे कोरसमध्ये. शेवटी 'आऽऽ' येतं ना, त्यात आम्ही चौघी आहोत."

दुर्दैवाने माइक सुरू होता! हे गुपित कपाटाएवढ्या स्पीकरमधून सगळ्या मजल्यांवर पोचलं.

"अगं, पण तू तर सांगायचीस, मी तबकडीत गायले म्हणून!"

"मग गायलेच की! एकटी गायले असं कधी म्हटलं? कुणी विचारलंत का?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. तीस जण हसत होते. मढवी काका तर स्पीकरला धरून हसत होते. आईने नितीनला पुन्हा गाणं लावायला सांगितलं आणि माझा हात घट्ट धरून बसली. शेवटचा तो 'आऽऽ' आला तेव्हा तिने हलकेच हात दाबला. "ही बघ, ही मी."

चार आवाज एकात मिसळले होते. त्यातला आईचा कुठला ते मला आजही सांगता येत नाही. पण मी मोठ्या अक्कलहुशारीने मान डोलावली.

रेवाने माझ्या भाषणाचा, हुंदक्यांसकट, व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. लेस्टर, दुबई, सिंगापूर, सगळीकडच्या नातेवाइकांचे फोन आले. तो व्हिडिओ मात्र कुठलीही अट न घालता जगातल्या सर्व देशांत उपलब्ध आहे!